हा काय अवतार केलाय!

लहानपणी मातीत लोळून घरी आलो की आई दारातच म्हणायची, "हा काय अवतार केलाय!" केस पिंजारलेले, शर्टाची दोन बटणं गायब, गुडघा फुटलेला. मराठी घरात अवतार म्हणतात तो हाच. संस्कृत जाणणारे सांगतील की अवतार म्हणजे वरून खाली उतरणं. दोन्ही अर्थ तुमच्या कामाचे आहेत. रात्री साडेअकराला, भोकं पडलेल्या बनियनवर, सोफ्याच्या कोपऱ्यात पाय दुमडून तुम्ही इंटरनेटवर जो काही धारण करता, तो दोन्ही अर्थांनी अवतारच असतो.

तेव्हा घ्यायचाच आहे तर नीट घ्या. फुकट मिळतो म्हणून कसाही घेऊ नका.

आधी नाव. खऱ्या नावाने काहीही लिहिण्यात अर्थ नाही, कारण खऱ्या नावाने लिहिलेलं मेहुणा वाचतो. टोपणनावाची तर आपल्याकडे थोर परंपरा आहे. राम गणेश गडकरी कविता लिहायचे गोविंदाग्रज होऊन आणि विनोद लिहायचे बाळकराम होऊन. जयवंत दळवींनी ठणठणपाळ बनून अख्ख्या साहित्यविश्वाची फिरकी घेतली. चिं. त्र्यं. खानोलकर 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहीत. आज लिहिल्या असत्या तर कविता वाचायच्या आत शंभर जणांनी 'हाय डियर, जेवलीस का' विचारलं असतं. या मंडळींनी नाव बदललं ते लिहायला काहीतरी होतं म्हणून. आपल्याकडे नाव आहे, लिहायला काय आहे ते नंतर बघू. हीच तर प्रगती.

नावात एक प्राणी आणि एक डोंगर हवाच. वाघ, सिंह, गरुड यांतलं काहीही चालेल. रेडा, बोका वगैरे उपयुक्त प्राणी टाळावेत. माझ्या अवताराचं नाव 'सह्यकड्याचा गरुड ४७'. आकडा लावावा लागला, कारण आधीचे सगळे गरुड गेलेले होते. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवर माझ्याआधी निदान सेहेचाळीस गरुड बसलेले असणार, आणि प्रत्येकाच्या घरी एसी किती अंशांवर ठेवायचा हे दुसरंच कोणीतरी ठरवत असणार.

एकच पथ्य पाळा. नाव आणि फोटो खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा लावून कोणाला गंडवायला जाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तिथे गरुडाला पिंजऱ्यात ठेवतात आणि आत रेंज नसते.

मग फोटो. स्वतःचा लावायचाच असेल तर पाठमोरा लावा. राजगडावर, सूर्याकडे बघत. पाठमोऱ्या माणसाला पोट नसतं. हल्ली एआयला सांगितलं की तो मिशा, दंड आणि मागे वीज चमकणारं आभाळ असं सगळं एकदम देतो. हाताला सहावं बोट आलं तर कापून घ्या. आणि उंची वाढवून मागायला विसरू नका. ही थट्टा नाही. स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली प्रयोग प्रसिद्ध केले होते. आभासी जगात ज्यांना उंच शरीर दिलं ते पैशांच्या वाटणीत अडून बसले. ज्यांना बुटकं दिलं ते पडतं घेत गेले. खरी उंची काहीही असो. रूपं बदलणाऱ्या ग्रीक देवाच्या नावावरून या प्रकाराला 'प्रोटियस परिणाम' म्हणतात. मी रात्रभर सव्वासहा फुटी गरुड असतो. सकाळी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे पाच रुपये कमी करा म्हटलं की बाई नुसतं वर बघते. वर कशाला, समोरच बघते. परिणाम रात्रीपुरताच असावा.

नव्या जगात गेलात की माणूस नवा होतो असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. त्याने १९८६ सालचं 'हॅबिटॅट' बघितलं नसणार. लुकासफिल्म कंपनीने कमोडोर ६४ या संगणकासाठी ते गाव वसवलं, आणि पडद्यावरच्या माणसाला अवतार म्हणायची सुरुवात ज्यांनी केली त्यांत तेही होतं. कोरं करकरीत जग. ना जात, ना शेजारी, ना मागची बाकी. तिथे उतरलेल्या अवतारांनी काय शोधून काढावं? एका यंत्रात बाहुली ७५ टोकनला विकत मिळते आणि दुसऱ्या यंत्रात तीच १०० टोकनला विकता येते. झालं. रात्रभर या यंत्रातून त्या यंत्राकडे बाहुल्यांच्या खेपा. गाठीशी पैसे जमल्यावर १८,००० चे स्फटिकगोळे घेऊन ३०,००० ला विकायला सुरुवात. सकाळी चालक उठून बघतात तो गावातला पैसा पाचपट झालेला. पुढे चोऱ्यामाऱ्या झाल्या, खून पडले, आणि मग एका खेळाडूने, जो प्रत्यक्षात ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री होता, तिथलं पहिलं चर्च काढलं. 'ऑर्डर ऑफ द होली वॉलनट', म्हणजे पवित्र अक्रोडाचा पंथ. सभासदांनी चोरी करायची नाही, शस्त्र बाळगायचं नाही. अक्रोडच का, हे विचारू नका. आपण नारळ फोडतो तेव्हा आपल्याला कोण विचारतं?

जागा घेऊन ठेवायचा विचार असेल तर थोडं थांबा. २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' हे आभासी जग आलं तेव्हाही लोकांनी तिथे प्लॉट घेतले होते. २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडन या देशांनी तिथे दूतावासही थाटले. मग २०२१ च्या डिसेंबरात 'सँडबॉक्स' नावाच्या दुसऱ्या जगात स्नूप डॉग या रॅपरच्या शेजारचा प्लॉट कोणीतरी सुमारे साडेचार लाख डॉलरला घेतला. हिंजवडीत फ्लॅट बघून आलेल्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न असा निघतो की यात कव्हर्ड पार्किंग धरलंय का. दुसरा, पाणी टँकरचं की कॉर्पोरेशनचं.

पाय नसले तर घाबरू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गने आपल्या कंपनीच्या आभासी जगात आयफेल टॉवरपुढे उभ्या असलेल्या स्वतःच्या अवताराचं चित्र टाकलं होतं. लोक इतके हसले की चारच दिवसांत सुधारलेला चेहरा दाखवावा लागला. त्या जगातले सगळेच तेव्हा कमरेपासून वर होते. ऑक्टोबरात पाय येणार म्हणून घोषणा झाली, उड्या मारून दाखवल्या, आणि नंतर कळलं की त्या उड्या खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून केलेल्या होत्या. त्या वर्षी कंपनीच्या या विभागाचा तोटा १३ अब्ज डॉलरच्या वर गेला. आपल्याकडे भुतालासुद्धा पाय असतात, उलटे का असेनात, आणि तेही फुकट. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपीय आयोगाने ३ लाख ८७ हजार युरो खर्चून उभारलेल्या आभासी जगात तरुणांसाठी जंगी पार्टी ठेवली. एक पत्रकार डोकावला तर नाचायला मोजून पाच-सहा डोकी. आमच्याकडे मुंजीला यापेक्षा जास्त माणसं नुसती चपला सांभाळायला असतात.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आहे. फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या एका जोडप्याने लग्नाचं रिसेप्शन अशाच जगात केलं, आणि वधूचे वडील वारलेले होते म्हणून त्यांचा अवतार करून आशीर्वादाला उभा केला. यावर मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

सिंधुदुर्गातल्या दशावताऱ्यांकडून मात्र काही शिकायला जाऊ नका, सवय बिघडेल. जत्रेच्या रात्री तो माणूस आपला चेहरा आपणच रंगवतो, पुरुष असून लुगडं नेसून राणी होतो, लिहिलेली संहिता नसताना पहाटेपर्यंत दुसऱ्या राजाशी तोंडाला तोंड देतो. इथवर सगळं आपल्यासारखंच. पण उजाडलं की तो तोंड धुतो आणि पेटाऱ्याला हात लावतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं तिकडे म्हणतातच. शिवाय ज्या राक्षसाला रात्री मारलं त्याच्याबरोबर बसून चहा पितो. आपल्या धंद्याला हे घातक आहे. आपण सकाळी ऑफिसच्या बसमध्येही गरुडच असलं पाहिजे.

आता माझंच सांगतो. आमच्या शहराच्या एका फेसबुक ग्रुपवर मागच्या पावसाळ्यात विषय निघाला की पोह्यांवर शेव घालावी का. मी, म्हणजे गरुडाने, शेव हे पोह्यांचं मरण आहे असं सौम्य मत मांडलं. त्यावर 'तळपती तलवार' नावाच्या कोणा वीराने माझं कूळ विचारलं. फोटोत नुसती तलवार, धरायला हातसुद्धा नाही. मी त्याच्या तलवारीला गंज चढल्याचं कळवलं. त्याने शेवविरोधकांना देशाबाहेर काढायची सूचना केली. रात्रीचे दीड वाजले. बोटं थरथरत होती. मी 'पाठवा' दाबलं, आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या छतातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढचं उत्तर जरा जहाल लिहिलं. पाठवलं. वर खुर्ची करकरली, चार ढांगा टाकल्याचा आवाज आला, माठाचं झाकण वाजलं. दोन मिनिटांनी तलवारीचं उत्तर आलं. शेवटी लिहिलं होतं, 'आमच्या पूर्वजांचे आर्शिवाद आमच्या पाठीशी आहेत.'

आर्शिवाद. हा शब्द मी कुठे पाहिला होता? आमच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हातची सूचना: 'रविवारी टाकी धुणेत येईल, सभासदांचे सहकार्य व आर्शिवाद असावेत.' नाव बदलता येतं, फोटो बदलता येतो, उंची सव्वासहा फूट करता येते. रफार जिथे पडायचा तिथेच पडतो. म्हणून नवोदितांना कळकळीची सूचना: अवतार घेण्यापूर्वी शुद्धलेखन तरी सुधारा, किंवा निदान आपल्या चुका बदलून घ्या. 'आर्शिवाद' लिहिणाऱ्याने काही महिने 'अशिर्वाद' लिहावं.

सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी काका भेटले. डोळे लाल.

"काय काका, झोप नाही झाली वाटतं?"

"डास हो. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही डासच."

तळमजल्यापर्यंत दोघं लिफ्टच्या दाराकडे बघत राहिलो. त्यांच्या हातात पिशवी होती. संध्याकाळी येताना तीच पिशवी भेटली, तर त्यात शेवेचा पुडा होता. पाव किलोचा. माणूस तत्त्वाचा आहे.

घरी हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण घरी आपला अवतार माहीत असता कामा नये. मी तीन वर्षं हे गुपित जपलं. परवा रात्री बाल्कनीत उभा राहून टाइप करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "गरुडा, खाली उतर. दूध उतू जातंय." बायकोने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. तिला कधीपासून माहीत आहे, हे मी विचारलं नाही. तिचाही एखादा अवतार असेल का, हे तर मुळीच विचारलं नाही. गेले दोन महिने 'रानजाई' नावाचं कोणीतरी माझ्या प्रत्येक मुद्द्यावर हसणारा चेहरा टाकून जातं.

शेवटी वाढदिवसाचं. खातं उघडताना जन्मतारीख विचारतात, तिथे खरी देऊ नका. घाईत असाल तर १ जानेवारी टाका. गरुडाची तीच आहे. माझ्या खऱ्या वाढदिवसाला बँकेचा, विम्याचा आणि दातांच्या दवाखान्याचा मेसेज येतो, शिवाय मावशीचा फोन. गरुडाला यंदा एकसष्ट जणांनी शुभेच्छा दिल्या. केकची चित्रं, फटाके, नाचणारं अस्वल. थर्टी फर्स्टच्या जागरणानंतर मी ती एकेक वाचत बसलो होतो. सगळ्यात वर, रात्री बारा वाजून एका मिनिटाला आलेली होती: 'वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा व आर्शिवाद.' खाली तलवार.

मी लिहिलं, 'धन्यवाद काका.' मग 'काका' खोडलं आणि पाठवलं. वर खुर्ची सरकली.