मिठाईपुढची पंधरा मिनिटं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर वरचेवर येतो. चार वर्षांच्या मुलापुढे एक मिठाई ठेवा आणि सांगा, "१५ मिनिटं थांबलास तर दोन मिळतील." थांबलं ते मूल पुढे हुशार आणि संयमी निघतं, न थांबणारं जन्मभर उतावळं. शेवटी 'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' हे असतंच.

त्या मजकुरातले दावे एकेक करून पाहू. 'शेकडो मुलांवर सिद्ध झालंय.' प्रयोग खरा आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो सुरू केला. मुलंही शेकडो होती. पण थांबण्याचा कॉलेजप्रवेशाच्या गुणांशी १९९०मध्ये जो ठळक संबंध दाखवला गेला, तो पन्नासहून कमी मुलांच्या गुणांवरून. आणि ती मुलं बहुतेक विद्यापीठाच्याच परिसरातल्या घरांतली.

'स्वभाव तेव्हाच ठरतो.' २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान या संशोधकांनी ९००हून अधिक अमेरिकी मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा अभ्यासातल्या प्रगतीशी संबंध दिसला, पण आधीच्या निम्मा. घरची परिस्थिती आणि मुलाची त्या वयातली समज हिशेबात धरल्यावर त्यातलाही फार थोडा उरला. पंधराव्या वर्षीच्या वागणुकीशी तर जवळजवळ काहीच नाही.

'थांबलं नाही, म्हणजे धीर नाही.' मला सगळ्यात खुपतं ते हे. माझ्या नात्यातल्या एका चिमुरड्याने पेढा लगेच खाल्ला, आणि त्याच्यासमोरच मोठी माणसं म्हणाली, "हा असाच राहणार." अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला २०१३चा प्रयोग त्यांनी वाचायला हवा होता. तिथे मिठाईआधी मुलांना चित्रकलेचं छान साहित्य आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्यांना ते मिळालं. उरलेल्यांना "सॉरी, नाहीये" ऐकावं लागलं. शब्द पाळला गेलेली मुलं मिठाईपुढे सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली ३. मुलं फक्त २८ होती, तेव्हा यावरूनही फार मोठं काही सांगू नये. पण ज्याला दिलेला शब्द नुकताच मोडला गेलाय, त्याने हातातलं खाऊन टाकणं हा उतावळेपणा नव्हे. त्याने विचारच केलाय.

खुद्द मिशेल यांच्याच प्रयोगांत मिठाई झाकून ठेवली, किंवा तिला पांढरा ढग समजायला सांगितलं, की मुलं बराच जास्त वेळ थांबत.