पंधरा मिनिटांचा फुगा आणि बारमाही सर्दी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘नाकात फुगा घालून १५ मिनिटांत सायनस, ॲलर्जी, वाढलेलं हाड, सगळं कायमचं बरं. भूल नाही, कापाकापी नाही. परदेशात आता सगळे हेच करतात. कोकणच्या दमट हवेवर हाच इलाज.’

एका फुग्यावर एवढा भार? बलून सायनुप्लास्टी (अमेरिकेत मंजुरी २००५) सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळीचं, अरुंद तोंड फुग्याने रुंद करते, बस. गाल, कपाळ आणि नाकामागची पोकळी तिच्या आवाक्यात येतात. दोन डोळ्यांमधल्या बारीक पोकळ्या येत नाहीत. पॉलिप, म्हणजे नाकातल्या मऊ गाठी, तिने निघत नाहीत, वाकडा पडदा सरळ होत नाही. नाकातला सुजलेला मांसल भाग रेडिओफ्रिक्वेन्सीने (विद्युत लहरींच्या उष्णतेने) आकसवतात, सतत गळणाऱ्या नाकासाठी नाकाच्या मागच्या बाजूची नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) गोठवतात किंवा तापवतात. दोन्ही दवाखान्यात होतं, पण ती कामं वेगळी.

‘भूल नाही’ म्हणजे पूर्ण भूल नाही. बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस नाकात ठेवतात, बहुधा बधिर करायची सुईही टोचतात. मग दुर्बीण, बारीक तार आणि फुगा. तो फुगताना हाड कडकडल्याचा आवाज रुग्णाला स्वतःला ऐकू येतो! बहुतेकांना सोसतं, पण भित्र्या माणसाला हे आधी सांगायला हवं.

‘कायमचं’? गोठवलेली किंवा तापवलेली नस पुन्हा वाढू शकते. आणि ॲलर्जी तर यातल्या कशानेच जात नाही.

दमट हवेचं म्हणाल तर पावसाळाभर गोधडीला ऊन दिसत नाही, कपाटामागे भिंतीला बुरशी धरते, गादीत धुळीतले सूक्ष्म किडे पोसले जातात. फुगा घालून आलात तरी डोकं त्याच उशीवर! स्टिरॉइडचा स्प्रे काही आठवडे रोज, नीट मारलाय का, हे आधी बघा. नाक झटकन मोकळं करणारे थेंब आठवडाभराच्या वर घातले तर नाक उलट जास्त चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण विहिरीचं पाणी उकळून, गार करूनच.

परदेशात प्रमाण वाढलं, हे खरं. मात्र अमेरिकेत २०११ साली फुग्याच्या बिलासाठी स्वतंत्र कोड आले, त्यानंतर ते झपाट्याने वाढलं. सगळंच श्रेय गुणाचं नव्हे.

जुनाट सायनस म्हणायला १२ आठवड्यांचा त्रास लागतो, शिवाय दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसणारा पुरावा. हे काही न बघता फोनवरच पॅकेज सांगणारा भेटला, तर एसटीचं तिकीटसुद्धा काढू नका.