इंजिन नव्यानं बांधलंय, मग ऑइल झिजलेल्या इंजिनाचं कशाला?

जुने ट्रक बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज कायम फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच: ‘जुन्या ट्रकचं इंजिन बांधलं की २०डब्ल्यू-५० सारखं जाडच ऑइल टाका. झिंक जितकं जास्त तितका कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) टिकतो. नाहीतर सरळ डिझेलचं ऑइल ओता. सिंथेटिकला हात लावू नका, गळती लागेल. पहिले हजार किलोमीटर इंजिनावर लोड देऊ नका. ऑइल काळं दिसलं की बदला.’

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तो मेसेज लोकांना पटतो. पण महिनोन् महिने खपून बांधलेलं इंजिन पहिल्या अर्ध्या तासात खराब झालेलं मी पाहिलंय. तेव्हा एकेक मुद्दा नीट बघू.

जाड ऑइलपासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. इंजिन झिजतं, बेअरिंगमधली फट वाढते, पातळ ऑइल तिथे टिकत नाही, म्हणून जाड टाकायचं. झिजलेल्या इंजिनापुरतं हे बरोबर आहे. पण तुम्ही सिलिंडर बोअर करून घेतलंय, पिस्टन-रिंगा नव्या आहेत, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंड करून नवीन बेअरिंग बसवलंय. आराखडा चाळीस वर्षांपूर्वीचा असेल, फटी मात्र आजच्या आहेत. क्रँकच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच फट, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे अडीच इंची जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) अडीच हजारांश इंच, साधारण ०.०६ मिलिमीटर. एवढ्या फटीत ३० किंवा ४० ग्रेडचं ऑइल व्यवस्थित थर धरतं. मेस्त्रीनं मुद्दाम फट सैल ठेवली असेल तर जाड ऑइलला आधार आहे. म्हणून इंजिन ताब्यात घेताना त्याला विचारा, क्लिअरन्स किती ठेवला? ऑइल निवडायला गाडीच्या वयापेक्षा तो आकडा जास्त कामाचा.

जाड ऑइलवर ऑइलचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा वर चढतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण गेज दाखवतो तो अडथळा, बेअरिंगमधून किती ऑइल गेलं ते त्यावरून कळत नाही. इंजिन थंड असताना जाड ऑइलमुळे दाब इतका वाढतो की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपानं ओढलेल्या ऑइलचा काही भाग तसाच मागे फिरतो. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो. मग न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं, तेही नव्या बांधणीतून धातूचा कीस सुटत असताना! शिवाय बेअरिंगची उष्णता वाहतं ऑइलच घेऊन जातं. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे १० पीएसआय दाब मिळत असेल तर बहुतेक जुन्या इंजिनांना तो पुरतो.

ग्रेडचे आकडेही नीट वाचायला हवेत. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यूची इंजिन सुरू होण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या घट्टपणाचा: ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. कडक उन्हात सतत भरलेला ट्रक ओढायचा असेल तर ५० योग्य ठरू शकतं. जुन्या मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता बहुधा असतो. मेसेजच्या आधी तो उघडा.

झिंकचा मुद्दा या सगळ्यात सर्वांत खरा आणि सर्वांत अर्धवट. झिंक म्हणजे झेडडीडीपी, झिंक आणि फॉस्फरसचं संयुग. उष्णता आणि दाबाखाली ते धातूवर पातळ थर धरतं आणि धातूआधी तो थर झिजतो. चपट्या टॅपेटच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा) इंजिनात कॅमचा उंचवटा आणि टॅपेट एका अरुंद रेषेवर स्प्रिंगच्या पूर्ण जोराने घासतात, तिथे हा थर लागतोच. फॉस्फरस गाडीचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो म्हणून पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमधलं त्याचं प्रमाण कमी होत गेलं. २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम श्रेणीत ते ०.०८ टक्क्यांवर आलं. लोकांची भीती इथून आली. पण ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा हलक्या ग्रेडना लागू आहे. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती बांधत नाही. आणि तुमच्या इंजिनात रोलर टॅपेट असतील तर ही काळजीच नको. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे तर साफ चूक. प्रमाणाबाहेर गेल्यावर तेच संयुग पृष्ठभागाला खड्डे पाडायला मदत करतं. तयार ऑइलमध्ये वरून बाटली ओतण्यापेक्षा चपट्या टॅपेटसाठीच बनवलेलं ऑइल घ्या.

डिझेलचं ऑइल पेट्रोल इंजिनात? त्यात फॉस्फरस अजून जास्त असतो, पण २००६ च्या सीजे-४ या डिझेल ऑइलच्या श्रेणीपासून तिथेही ०.१२ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यात डिटर्जंटही भरपूर असतं आणि धातूवर जागा मिळवण्यासाठी ते झिंकशी स्पर्धा करतं. डब्यावर ‘एस’ची, म्हणजे पेट्रोल इंजिनाची, श्रेणीही छापलेली असेल तरच पेट्रोल इंजिनात वापरा. ट्रक डिझेलचा असेल तर डिझेलचंच ऑइल हवं, काजळी धरून ठेवायला ते बनलेलंच आहे. फक्त एफए-४ टाळा. २०१६ मध्ये सीके-४ बरोबर आलेली ही पातळ श्रेणी नव्या इंजिनांसाठी आहे.

सिंथेटिकमुळे गळती लागते ही आठवण सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलची आहे. ती सील आकसवायची. आता त्यात सील जपणारे घटक असतात, आणि तुमचे सील-पॅकिंग तर नवेच आहेत. क्रँकच्या मागे दोरीचा सील असलेली जुनी इंजिनं कुठल्याही ऑइलवर थोडी पाझरतात. सिंथेटिकवर रिंगा बसत नाहीत असंही म्हणतात. पण शेवरोले कॉर्व्हेट या मोटारीत १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतं. तरी पहिली भरण मी साध्या मिनरल ऑइलची करतो, कारण ती लवकरच काढून टाकायची असते.

आता लोडचा मुद्दा. याने सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून कळकळीनं सांगतोय. रिंग सिलिंडरला घट्ट टेकते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. वायू रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. गाडी जपून, रिकामी, एका संथ वेगात पळवली की तो दाब कमी पडतो. होनिंगच्या (सिलिंडर आतून घासण्याच्या) बारीक रेघांवर ऑइल भाजून गुळगुळीत चकाकी चढते, मग इंजिन ऑइल खात राहतं आणि पुन्हा खोलून होनिंग करावं लागतं. मध्यम लोड द्या, वेग वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. पूर्ण भार आणि तापलेलं इंजिन मात्र टाळा.

चपट्या टॅपेटच्या इंजिनाला त्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा. कॅमवर पेस्ट लावलेली हवी, पंप फिरवून गेजवर दाब आलेला हवा, आणि सुरू होताच इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर २०-३० मिनिटं ठेवायचं. अशा बऱ्याच इंजिनांत कॅमला ऑइल मिळतं ते क्रँकच्या शिडकाव्यातून, आयडलवर (एक्सलरेटर न दाबता चालू ठेवलं तर) ते अपुरं पडतं. माझ्या मित्राचा ट्रक पहिल्याच दिवशी कार्ब्युरेटर जुळवण्यासाठी बराच वेळ आयडलवर ठेवला होता. कॅमचे दोन उंचवटे सपाट झाले. ऑइल महागातलं होतं, झिंकवालं होतं.

राहिला काळा रंग. डिझेल ऑइल थोड्याच वेळात काळं होतं, कारण ते काजळी पोटात धरतं. ती काजळी भिंतींवर बसली असती तर वाईट. नव्या बांधणीचं पहिलं ऑइल मात्र रंग न बघता लवकर काढा, मी ८०० किलोमीटरच्या आतच काढतो. जुना फिल्टर टाकून देऊ नका, कापून कागद पसरून बघा. बारीक करडा कीस पहिल्या वेळी येतोच. बेअरिंगच्या चकचकीत कपच्या दिसल्या तर गाडी तिथेच थांबवा आणि इंजिनाखालचं ऑइल चेंबर उतरवा.