मागतो म्हणून ऐक

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमच्या नगरात पाळक माणसाला बाजूला घेतात ते वर्गणीसाठी, नाहीतर पंचांच्या भांडणात साक्षीला. यावेळी तिसरंच निघालं. "नव्या वर्षात मंडळीने अख्खं बायबल वाचून काढायचं. रोजच्या वाचनावर एक छोटी प्रार्थना तुम्ही लिहायची आणि पहाटे सहाला ग्रुपवर टाकायची. चारच वाक्यं. तुमच्याकडे लेखणीचं दान आहे."

हे दान त्यांना दिसलं कुठे, तर सात वर्षांपूर्वी मी एका निवृत्त मुख्याध्यापकांचं मानपत्र लिहिलं होतं, त्यात.

मी हिशेब केला. पहिल्या वाक्यात उपकार, दुसऱ्यात पाप, तिसऱ्यात मागणं आणि चौथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, "येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक, आमेन." म्हणजे लिहायची तीनच. त्यातही पापं काय, रोज तीच असतात. उरली दोन. मी हो म्हणालो.

बायबलात अध्याय ११८९. वर्षाच्या दिवसांना वाटले तर रोज तीन आणि वर चिमूटभर. पहिलं पुस्तक उत्पत्ती, म्हणजे उताराचा रस्ता. नोहा, अब्राहाम, योसेफ. एकेकावर दहा-दहा प्रार्थना निघतील. ग्रुपवर मी प्रार्थना टाकायचा अवकाश, चौथ्या सेकंदाला "आमेन" यायला लागायची. इतक्या वेगाने वाचणारी मंडळी आपली आहे याचा मला अभिमान वाटला. मग लक्षात आलं, वाचत कुणीच नाही.

पुढचं पुस्तक निर्गम, त्याच्या उत्तरार्धात चढ लागला. तिथे निवासमंडपाचे पडदे आहेत, पडद्यांना पन्नास-पन्नास बिरडी, म्हणजे फासे, आहेत, त्यांत अडकवायचे सोन्याचे आकडे आहेत. पहाटे साडेपाचला, अर्धा कप चहावर, पडद्यावरून देवाकडे काय मागणार? मी लिहिलं, "आम्हांला तुझ्या मंडपातले एक लहानसे बिरडे कर." मुंबईला दिलेल्या आत्याचा लगेच निरोप आला, "वालाचं का?"

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवत. त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते केडगावहून छापून निघालं. (आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं.) त्यांनी लेवीय हे नियमांचं पुस्तकसुद्धा केलं असणार, एकही वचन न गाळता. शिवाय ज्या गावात नारायण वामन टिळक राहून गेले आणि ज्यांची गीतं आम्ही दर रविवारी म्हणतो, त्याच गावात मी तिसरं वाक्य शोधत पेन चावत बसलेला.

एक फेब्रुवारीला लेवीय तेरा-चौदा आलं. तेराव्यात त्वचारोग, चौदाव्यात घराच्या भिंतीला लागलेला चट्टा. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरमालकाने याजकाला बोलवायचं, याजकाने घर सात दिवस बंद ठेवायचं आणि चट्टा पसरलेला दिसला तर दगड उपटून गावाबाहेर टाकायचे. मी वाचता वाचता मान वर केली. समोर आमची भिंत. पाऊस थांबून चार महिने झालेले आणि वरच्या मजल्याच्या न्हाणीखाली हिरवट, कडेने तांबूस, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा डाग. वर भाऊसाहेब राहतात. तेही आमच्याच मंडळीतले.

प्रार्थना सरसर उतरली. "हे बापा, आमच्या घराच्या भिंतीत जे झिरपते ते तू पाहतोस. ते वरून येते हे आम्ही जाणतो, पण बोलत नाही. ज्याने त्याने आपापली गळती शोधून काढावी अशी बुद्धी दे."

माझ्या मनात केवळ अंतःकरणरूपी घर होतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण शपथ वाहू नका असं मत्तयात लिहिलेलं आहे.

सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत एकही आमेन नाही. म्हणजे आज वाचली! साडेसहाला भाऊसाहेबांचा फोन. "साहेब, सगळ्या मंडळीपुढे काढायचं होतं का? जिना उतरून सांगितलं असतंत तर..." जिना मला चढायचा होता, पण मी दुरुस्ती केली नाही. दहा वाजता वर ठोकाठोकी सुरू झाली. दुपारी खजिनदारांनी विचारलं, गळती म्हणजे बांधकाम निधीबद्दल का? आणि संध्याकाळी खुद्द पाळकसाहेब, चाचरत, "ते 'वरून येते' म्हणजे... माझ्याबद्दल काही नाराजी?"

त्या दिवसापासून मी देवाशी बोलताना मागे वळून बघतो. सात तारखेला गणना या पुस्तकाचा सातवा अध्याय आला. बारा सरदार बारा दिवस आहेर आणतात आणि प्रत्येकाचं ताट तेच, कटोरा तोच, वजनही तेच. लग्नात माइकवर आहेर पुकारतात तसं अगदी. ८९ वचनं. मी मुकाट्याने आदल्या दिवशीची प्रार्थना जशीच्या तशी टाकली. चौथ्या सेकंदाला आमेन आलं. बारा तारखेच्या वाचनात बलाम नावाच्या भविष्यवाद्याची गाढवी बोलली. "तू गाढवाच्या तोंडूनही बोलतोस" असं मी लिहिलं होतं, बायकोने खोडायला लावलं. म्हणाली, "गाणारे रुसतील, नाहीतर सगळे म्हणतील स्वतःबद्दलच लिहिलंय."

आता ती रोज रात्री वाचनाचा तक्ता पाहते. घरातली भिंत सुकली हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. बावीस तारखेच्या रात्री मी झोपायला निघालो तर ती चष्मा लावून बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायावर बोट ठेवून बसलेली. नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असं तिथे आठव्या वचनात आहे. आमच्या गच्चीचा कठडा दिवाळीपासून ढासळलाय आणि सोसायटीचे चेअरमन दर रविवारी आमच्या पुढच्याच बाकावर बसतात.

"अहो," ती म्हणाली, "तिसऱ्या वाक्यात घाला."