‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

हाशी, म्हणजे जपानी लोकांच्या जेवायच्या काड्या, यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘घरोघरी चमचे-काटे असताना आजही काड्यांनी जेवणं हा जपान्यांचा निव्वळ हट्ट. चार वर्षं तिकडे काय राहिलात, सगळंच ग्रेट वाटायला लागलं! शिवाय लाकडाची नासाडी.’ तुमची उद्गारचिन्हं तीन होती, मी एकच ठेवलंय.

आधी चूक कबूल. कोरियातल्या काड्या लाकडी असतात असं मी लिहून गेलो. त्या बहुतेक धातूच्या असतात, आणि भाताला तिथे चमचा. दुरुस्त केलंय.

आता ते ‘काय राहिलात’. राहिलो, आणि पहिले सहा महिने काटाच वापरला. कावासाकी शहरातल्या आमच्या कँटीनमध्ये चमचे, काटे, हाशी शेजारी शेजारी ठेवलेले असायचे. सक्ती कुणाचीच नव्हती. समोर बसणारे साहेब करी-राइसला चमचा घ्यायचे. दुसऱ्या दिवशी भाजलेला साबा असला, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, की हाशी. कण्याच्या कडेने टोक फिरवून वरची बाजू संपवायची, मग अख्खा कणा अलगद उचलून ताटलीच्या कडेला. मी काट्याने काटा काढायला गेलो आणि माशाचा भुगा केला. म्हण आपली असली म्हणून तिथे चालत नाही.

टोनकात्सु, म्हणजे डुकराच्या मांसाचा तळलेला जाड तुकडा, मुळात पाश्चात्त्य कटलेटवरूनच आला. पण तो स्वयंपाकघरातूनच कापून येतो, टेबलावर सुरीचं काम उरत नाही. भात चिकट, उचलला जातो. मिसो सूपची (आंबवलेल्या सोयाबीनचं पातळ सूप) वाटी सरळ तोंडाला लावायची. सगळं जेवणच हाशीच्या मापाने रांधलेलं, यात हट्ट कुठे आला? उलटा प्रयोगही त्यांनी करून पाहिलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळेच्या जेवणात पाव होता, तेव्हा मुलांच्या हाती टोकाला दाते असलेला चमचा दिला. मुलं ताटात तोंड घालून जेवतात अशी ओरड झाली. १९७६ पासून शाळेत रीतसर भात आला, हाशीही परतली. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

लाकडाचं म्हणाल, तर घरी प्रत्येकाची स्वतःची धुऊन वापरायची हाशी असते.  फेकायच्या काड्यांचा विषय वेगळा, इथे नको.

बाकी हाशीला तुम्ही खुशाल ‘काड्या’ म्हणा. काड्या घालणं कशाला म्हणतात, ते जपानला जायच्या आधीपासून मला ठाऊक आहे.