थीम पार्कची खरी पावती आत गेल्यावर फाटते

थीम पार्कला जायचं ठरलं की घरात सगळा खल तिकिटावरच होतो. आठवड्याच्या मधल्या वारी स्वस्त पडेल का, आधी काढून ठेवलं तर सूट आहे का, धाकट्याची उंची अर्ध्या तिकिटात बसते का. एवढा खटाटोप करून वाचवलेले पैसे मग आत गेल्यावर दोन तासांत पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि प्लास्टिकच्या रेनकोटांवर उडतात. तिकिटाचा आकडा निदान आधी दिसतो तरी. ही गळती घरी येऊन बँकेचे मेसेज चाळल्यावर कळते.

आतल्या भावांवरून पार्कवाल्यांना शिव्या घालण्यात मला काही अर्थ वाटत नाही. तो त्यांचा धंदा आहे. फाटकाच्या आत दुसरं दुकान नाही, बाहेर जाऊन परत यायचं तर निम्मा दिवस वाया, आणि कडेवर रडकुंडीला आलेलं पोर. अडला हरी म्हणतात तो हाच. म्हणून बॅग भरताना मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: ही नसेल तर आपण आत अडून बसू का? उत्तर ‘हो’ असेल तरच ती बॅगेत जाते. ‘असू दे, लागली तर’ म्हणून हातात घेतलेली प्रत्येक वस्तू परत कपाटात.

पहिला नंबर पाण्याचा. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, त्या दिवशी उन्हाचा कहर होता आणि पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ चालूच नव्हते. प्लंबरांच्या संपामुळे संडास किंवा नळ यांपैकी एकच काम वेळेत होणार होतं, वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. लोक मात्र म्हणाले, शीतपेयं खपवायला मुद्दाम केलंय! आज मोठ्या पार्कांत नळ असतात, पण बाटली आपली लागते. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत तर झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट मिळतो. हे ठाऊक नसलेले लोक त्याच काउंटरवर बाटली विकत घेतात.

आदल्या रात्री दोन बाटल्या फ्रीझरमध्ये टाका. काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बाटली तडकते. सकाळी ती बाटली छोट्या टॉवेलात गुंडाळायची. खाऊ गार राहतो, दुपारपर्यंत प्यायला थंड पाणी होतं आणि ओलसर झालेला टॉवेल मानेवर टाकता येतो.

खाऊचं मात्र आधी पार्कच्या वेबसाइटवर वाचूनच ठरवा. काही पार्क घरचं खाणं आत नेऊ देतात, काही फाटकावरच काढून घेतात. बाळाचं खाणं आणि औषधं यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. आणि नियम बदलतात बरं का. डिस्नेच्या पार्कांनी २०१५ मध्ये सेल्फी स्टिक बंद केल्या, अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांत १ मे २०१९ पासून सुटा बर्फ चालत नाही आणि साधारण ७९ सेंटीमीटरपेक्षा रुंद बाबागाडीही. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मावशीचा सल्ला यंदा फाटकावर उपयोगी पडेलच असं नाही.

आता मोजे. हसू नका. पाण्याच्या राइडवरून उतरलेलं मूल चपक चपक बूट वाजवत चालतं, पहिली दहा मिनिटं त्याला मजा वाटते. मग टाच लाल होते, मग सालटं निघतं आणि मग ‘मला उचल’ सुरू होतं. इथेच आईबाप हार मानून आतल्या दुकानातून चपला किंवा कोरडे कपडे घेतात. प्रत्येकाचा एक कोरडा मोज्याचा जोड आणि चारसहा चिकटपट्ट्या झिपच्या पिशवीत, वजन नाममात्र. टाच लाल दिसली की लगेच पट्टी लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. ओले मोजे त्याच पिशवीत परत. घडीचे पातळ रेनकोटही घरूनच न्या. पावसासाठी आहेतच, पण भिजवणाऱ्या राइडवरही चालतात. वॉटर पार्क असेल तर पोहण्याचे कपडे विसरूच नका. बऱ्याच ठिकाणी सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, मग भाड्याचे घ्यावे लागतात.

सनस्क्रीन सकाळी एकदा लावून भागत नाही. दर दोन तासांनी आणि भिजल्यावर पुन्हा लावावं लागतं, त्यामुळे नळी घरातच राहिली तर दुपारी आतून घेणं आलंच.

पॉवर बँकेबद्दल कुणाला पटवायची गरज उरलेली नाही. तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, कुठल्या राइडला किती रांग तेही फोनमध्ये. दहा हजार एमएएचची एक पुरते. फक्त केबल प्रत्येकाच्या फोनला बसते का ते घरीच बघा, कारण आतल्या दुकानांतून केबलच सगळ्यात जास्त नाइलाजाने घेतली जाते असा माझा संशय आहे.

संध्याकाळी चमकणारी खेळणी विकायला काढतात तेव्हा मुलं दमलेली असतात आणि आईबाप त्याहून दमलेले. वेळ बरोबर निवडलेली असते, कौतुकच वाटतं मला. घरून तशाच उजेडाच्या कांड्या नेल्या तर हट्ट बराच कमी होतो, संपत नाही. आठवण म्हणून काय घ्यायचं त्याचे पैसे मुलांच्याच हातात ठरवून द्यावेत. स्वतःच्या पाकिटातून जाताना तीही दोनदा विचार करतात. एखादी टोपी महागात घेतली तर घेऊ दे, त्यासाठीच तर बाकीचे वाचवले.

‘थीम पार्क पॅकिंग’ नावाच्या लांबलचक याद्यांवर मात्र माझा राग आहे. खास पंखा, खास पाऊच, खास गळ्यातली पिशवी! ही सगळी खरेदी आतल्या दुकानाऐवजी बाहेरच्या दुकानात केली, एवढाच फरक. शिवाय बॅग फुगली की लॉकर मोठा लागतो, त्याचं भाडं वेगळं, कारण जोरदार राइडवर बॅग सोबत घेऊ देत नाहीत.

आणि ती बॅग कोण उचलणार हे निघायच्या आधी ठरवा. बहुतेक घरांत यादी आई करते, भरते आई आणि दिवसभर खांद्यावरही तिच्याच. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाने आपली बाटली, आपला रेनकोट आणि आपले मोजे आपल्या पाठीवर न्यायचे. नवऱ्याकडे पॉवर बँक आणि गोठलेल्या बाटल्या. कुरकुर होते, पहिल्या राइडपर्यंत.