सहा शब्दांची ती कथा हेमिंग्वेची नव्हे

लघुतम कथेची स्पर्धा जाहीर झाली की एक किस्सा हमखास फिरू लागतो. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेने म्हणे मित्रांशी दहा-दहा डॉलरची पैज लावली, जेवता जेवता नॅपकिनवर सहा शब्द खरडले आणि पैसे खिशात घातले. ते शब्द मराठीत साधारण असे: ‘विकणे आहे: बाळाचे बूट, न वापरलेले.’ (मोजून बघा, मराठीतही सहाच भरतात.)

किस्सा झकास, पण त्याला आधार नाही. हेमिंग्वे वारला १९६१ साली आणि ही पैजेची गोष्ट त्याच्या नावावर छापून आली ती थेट १९९१मध्ये. त्याच्या प्रकाशित लेखनात ही कथा कुठेच नाही.

कल्पना मात्र बरीच जुनी. १९१०मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या एका दैनिकाने बाळाचे कपडे आणि पलंग विकायला काढल्याच्या जाहिरातीमागचं दुःख टिपलं होतं. तेव्हा हेमिंग्वे दहा वर्षांचा पोर. १९१७मध्ये विल्यम केन यांनी लेखकांसाठीच्या नियतकालिकात बाळ गमावलेल्या बाईची कथा सुचवली. शीर्षकात न वापरलेले चिमुकले बूट होतेच.

आयोजकांनी नमुना म्हणून ही कथा खुशाल द्यावी, फक्त खाली ‘लेखक अज्ञात’ असं लिहावं. आणि स्पर्धकांनो, बुटांच्या जागी सायकल किंवा अंगठी घालून हीच कथा पाठवू नका. ‘विकणे आहे’ वाचताच परीक्षकाला पुढचं कळतं.